साडेदहाची हजेरी

नागपूर,
३ ऑगस्ट १९७४

आदरणीय चंपतराव गुरुजींना,
प्रेमिलाचा सविनय जयभीम.

तुमचं कार्ड मिळालं. "मास्तरीण झाली तर उमरेडची शाळा विसरली काय?" असं विचारलंत. नाही हो गुरुजी! तुम्ही छडीनं शिकवलेले पाढे माझा तळहात अजून विसरला नाही, मग मी कशी विसरेन?

इथं नोकरीला दोन वर्षं झाली. विणकरांच्या वस्तीतली शाळा आहे. सकाळची पाळी सात ते बारा, माझ्याकडे चौथी, पटावर एक्केचाळीस पोरं. हेडमास्तर ताराचंदजी कडक आहेत, पण मनानं वाईट नाहीत. हजेरी चांगली आहे. प्रतापनगरात आईला घेऊन एका खोलीत राहते आणि पहाटे सायकल हाणत शाळा गाठते.

आता खरी बातमी सांगते, हसू नका. उन्हाळ्यातल्या शिबिरात एका बाईंनी आम्हा शिक्षकांना विचारलं, "तुम्हाला काय शिकायचंय, असं तुम्ही मुलांना कधी विचारलंय का?" सगळे हसले, मीही हसले. पण ते डोक्यातून जाईना. म्हणून दर शनिवारचा शेवटचा तास मी पोरांना देऊन टाकला. काय शिकायचं ते त्यांनी ठरवायचं.

पहिल्या शनिवारी कोणी तोंडच उघडलं नाही. त्यांना वाटलं, बाईंचा काही डाव आहे. शेवटी बाबूलाल उठला. "बाई, सगळ्या भुट्ट्यायवर दाण्याच्या ओळी सारख्याच राहतात काय?" मी म्हटलं, मला नाही माहीत. गुरुजी, बाईंना माहीत नाही म्हटल्यावर वर्गाला काय आनंद झाला! पुढच्या शनिवारी जो तो भुट्टा घेऊन हजर. कोणाच्या बारा, कोणाच्या चौदा, कोणाच्या सोळा. विषम आकडा एकाचाही नाही. बाबूलाल म्हणतो, "काहून?" मी अजून शोधते आहे.

तुम्हाला वेडेपणा वाटेल. तसं असेल तर खुशाल कान उपटा.

तुमची,
प्रेमिला

उमरेड,
९ ऑगस्ट १९७४

चि. प्रेमिला,
जयभीम.

तुझं पत्र वाचून हसलो. मग गुपचूप बाजारात जाऊन दोन भुट्टे आणले अन् मोजले. चौदा अन् सोळा. पासष्टी गाठली, आजवर पोतंभर भुट्टे खाल्ले असतील, पण मोजाचं कधी सुचलं नाही. तुझ्या त्या बाबूलालले माझा नमस्कार सांग.

लेकरायले विचारून शिकवाचं हे मले पटत नाही, स्पष्ट सांगतो. त्यायले काय कळते? पण एक आठवलं. मी शाळेत दाराबाहेर बसून शिकलो, हे तुले माहीत आहे. तेव्हा मले कोणी विचारलं असतं, चंपत, तुले काय पायजे, तर मी म्हटलं असतं, आत बसू द्या. एवढंच. कोणी विचारलं नाही.

म्हणून तुले थांब म्हणत नाही. पण विचारलं तर ऐकावं लागते, पोरी. नुसतं विचारून सोडून देशील तर त्यापेक्षा माझी छडी बरी होती. कार्ड भरलं. आईले जयभीम सांग.

चंपतराव

नागपूर,
१ सप्टेंबर १९७४

आदरणीय गुरुजी,
सविनय जयभीम.

विचारलं तर ऐकावं लागतं, असं तुम्ही लिहिलंत, आणि मी नेमकी त्यातच अडकले आहे.

पुस्तकात अर्जलेखनाचा धडा आहे. आजारपणाच्या रजेचा अर्ज लिहा, असा नमुना दिलाय. शनिवारच्या तासाला मी विचारलं, तुम्हाला कशासाठी अर्ज लिहावासा वाटतो? मैना उठली. मैना नत्थू निखारे. दहा वर्षांची, अंगानं काडी, अक्षर मात्र मोत्यासारखं. वर्गात सगळ्यांत हुशार तीच आहे. ती म्हणाली, "बाई, अर्ज खोटा खोटाच लिहाचा काय? खरा चालन का?"

मी म्हटलं, खरा चालेल. मग ती म्हणाली, "मंग पाळीचा लिहू. चौथी दुपारच्या पाळीत घ्या म्हणून."

तुमच्या उमरेडलाही हातमाग आहेत, तुम्हाला सांगायला नको. बाप सकाळी सहाला मागावर बसतो आणि त्याच्या बाजूला पोरगी चरखा घेऊन विणायच्या सुताच्या कांड्या भरत बसते. कांडी संपली की माग थांबतो. बापाचा सगळा जोर सकाळच्या उजेडात, आणि आमची शाळाही सकाळचीच. माझ्या वर्गात अशा आठ पोरी आहेत. त्यांना सकाळी यायला जरा त्रास होतो. दुपारच्या पाळीत मात्र आमच्या दोन खोल्या रिकाम्या पडलेल्या असतात, तिथं नुसती चिमण्यांची शाळा भरते.

सगळ्या वर्गाचं एकमत झालं. बाबूलालला सकाळी भूक लागते म्हणून तोही दुपारच्या बाजूनं! वच्छला म्हणाली, अर्जावर सगळ्यांनी सह्या करायच्या.

ताराचंदजी म्हणतात, वहीत लिहून घ्या, गुण द्या आणि विषय संपवा. मलाही तेच बरं वाटतंय. तुम्हाला काय वाटतं?

तुमची,
प्रेमिला

उमरेड,
६ सप्टेंबर १९७४

चि. प्रेमिला,
जयभीम.

या वेळी कार्ड नाही, चांगलं आंतरदेशीय घेतलं आहे, कारण मले बोलायचं आहे.

वहीत लिहून गुण काहून द्यायचे? लेकरू विचारते, खरा चालन का, अन् तू म्हणते, चालेल. मग तो पोस्टात पडलाच पायजे. नाही तर त्यायच्या मनात बसून जाईल की शाळेत जे लिहायचं असते ते खोटंच असते.

आपल्या वस्तीले विहीर कशानं मिळाली? अर्जानं. नळ कशानं आला? अर्जानं. दीक्षा घेतली त्या वर्षापासून आजपर्यंत मी स्वतः दोनशेच्या वर अर्ज लिहिले असतील लोकांचे. रात्री-अपरात्री लोक येत, गुरुजी, लिहून द्या. आपल्या हातात दुसरं होतंच काय? तोंडी बोललेलं हवेत जाते. लिहून दिलेल्यावर आवक नंबर पडते, त्याले उत्तर द्यावं लागते. उशिरानं का होईना, पण द्यावं लागते.

तर माझं ऐक. अर्ज त्यायलेच लिहू दे. नमुन्यातलं 'महोदय' अन् 'आज्ञाधारक' तेवढं शिकव, मधल्या एकाही शब्दाले हात लावू नको. तू वाचूही नको. वाचशील तर मास्तरणीचा हात शिवशिवेलच. पाकीट त्यायच्याच हातानं चिकटवू दे, पेटीत त्यायच्याच हातानं टाकू दे. निरीक्षक साहेब आले की म्हणतील, वा, हे पोरांनीच लिहिलं आहे!

मैनाले माझा आशीर्वाद. तिचं अक्षर मले पाहाचं आहे.

चंपतराव

नागपूर,
२२ सप्टेंबर १९७४

आदरणीय गुरुजी,
सविनय जयभीम.

निरीक्षक साहेबांच्या नावानं अर्ज गेला. मैनानं लिहिला, एक्केचाळीस सह्या झाल्या. तुम्ही म्हणालात तसंच केलं. मी वाचला नाही. मैनाला एवढंच सांगितलं, जे खरं असेल तेच लिही.

पाकिटाला गोंद लावताना इतकी ओढाताण झाली की बाबूलालच्या शर्टालाच ते चिकटलं. शेवटी मोर्चा काढून सगळी पोरं पोस्टाच्या पेटीपर्यंत. टाकल्यावर वच्छला पेटीला कान लावून म्हणते, "पडला, बाई!" त्या दिवशी मी रस्त्यात उभी राहून हसत होते, गुरुजी. शिक्षिका झाल्याचं इतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

आता रोज सकाळी एकच प्रश्न, "बाई, उत्तर आलं?"

तुमची,
प्रेमिला

नागपूर,
१२ ऑक्टोबर १९७४

आदरणीय गुरुजी,
जयभीम.

तुम्हाला एक गोष्ट मी सांगितली नव्हती. ती आता सांगावी लागते आहे, आणि लिहिताना मान वर होत नाही.

मंगळवारी निरीक्षक साहेब स्कूटरवरून आले. मला वाटलं, दुपारच्या खोल्या बघायला आले! मी पोरांना उभं केलं, टाळ्या वाजवायला लावल्या. साहेबांच्या हातात अर्ज होता. त्यांनी विचारलं, "हा कोणी लिहिला?" तेव्हा नुकतेच साडेदहा झाले होते आणि मैना दारातून आत येत होती. ती म्हणाली, "म्या लिहिला साहेब." साहेब म्हणाले, "वाच."

तिनं मोठ्यानं वाचला. तो जसाच्या तसा मला पाठ झालाय. "महोदय, आम्ही आठ मुली सकाळी घरी कांड्या भरतो. म्हणून आम्ही रोज साडेदहाला शाळेत येतो. तोवर गणित आणि भाषा होऊन जाते. आम्हाला गणित पाहिजे. चौथी दुपारी केली तर आम्ही पूर्ण वेळ येऊ. आमच्या बाई खूप चांगल्या आहेत. आम्ही सातला नसलो तरी त्या आमची हजेरी मांडतात."

गुरुजी, वाचून झाल्यावर ती माझ्याकडे बघून हसली. तिनं माझं कौतुक केलं होतं ना!

साहेबांनी हजेरीपट मागवला. आठही पोरी यंदा शाळा उघडल्यापासून रोज सातला हजर.

काय करणार होते मी? हजेरीची बेरीज आठ वाजता ऑफिसच्या फळ्यावर जाते. साडेदहाला आलेली पोर त्या वेळी गैरहजर. लागोपाठ पंधरा दिवस गैरहजर की नाव कमी. आणि मुलीचं नाव एकदा कमी झालं की घरचे म्हणतात, बरं झालं, आता दिवसभर चरख्यावर बसेल. पहिल्या वर्षी माझ्या डोळ्यांदेखत भागीरथा नावाची पोर अशीच गेली. तेव्हापासून मी हजर मांडत आले. तुम्हाला कसं सांगणार? हजेरीपटावर खोटा शेरा मारणारा मास्तर चोर, असं तुम्हीच शिकवलंत.

साहेब आवाज चढवून बोलले नाहीत. म्हणाले, "बाई, अर्ज चांगला लिहिलाय. एक चूक नाही." मग लाल शाईनं आठ नावं कमी केली. माझी चौकशी लागली आहे. ताराचंदजी आता साडेसातला फाटकाला कुलूप लावतात.

मैना आता शाळेत येत नाही. परवा मी तिच्या घरी गेले. चरख्यावरून उठून आली आणि म्हणाली, "बाई, माह्या अर्जात काही चुकलं काय?"

मी तिला काय सांगू? तुम्हीच सांगा.

प्रेमिला

उमरेड,
१६ ऑक्टोबर १९७४

प्रेमिला,

तू मले सांगितलं काहून नाही वं? तीन पत्रं लिहिली, "हजेरी चांगली आहे" म्हणून लिहिलं, "जरा त्रास होतो" म्हणून लिहिलं. जरा! मले आधी कळलं असतं तर मी म्हटलं असतं, पाकीट उघड अन् ती शेवटची ओळ काढून टाक.

हे लिहिलं अन् पेन खाली ठेवला. म्हणजे लेकरायच्या शब्दाले हात लावाले मीच सांगितलं असतं. रात्रभर झोप नाही.

तुझ्यावर चिडलो होतो. पण वाचू नको म्हणणारा मीच, पेटीत टाक म्हणणारा मीच. दोनशे अर्जांचा तोरा तुले ऐकवला. ते सगळे अर्ज मोठ्या माणसायचे होते. काय लिहायचं अन् काय लिहायचं नाही, हे त्यायले ठाऊक होतं. लेकराले कसं ठाऊक राहीन?

दसऱ्याले दीक्षाभूमीवर येतोच. दुसऱ्या दिवशी साहेबांना भेटतो. धोतर धुवून ठेवलं आहे. तू घाबरू नको.

चंपतराव

उमरेड,
२९ ऑक्टोबर १९७४

चि. प्रेमिला,
जयभीम.

बसस्टँडवर तू मले सोडाले आली, चहा पाजला, तिकीट काढून दिलं, अन् चार-चार वेळा विचारलं, गुरुजी, साहेब काय म्हणाले? मी म्हटलं, पाहतो म्हणाले. ते खोटं होतं. तुझ्या तोंडाकडे पाहून सांगवलं नाही, म्हणून आता लिहितो.

साहेब माणूस बरा आहे. मले खुर्ची दिली, म्हाताऱ्याले उभं ठेवलं नाही. पाळीचं विचारलं तर म्हणाले, एका वर्गासाठी पाळी बदलता येत नाही, वरून मंजुरी लागते, अन् ती मिळत नाही. विषय संपला. मग त्यायनी दार लोटून घेतलं अन् म्हणाले, "गुरुजी, एक रस्ता आहे. मुलींनी लिहून द्यावं की अर्जातलं खोटं आहे. गंमत म्हणून लिहिलं होतं, आम्ही रोज सातला शाळेत येत होतो. तसं आलं की हजेरीपट खरा, बाईंची चौकशी बंद, आठही नावं परत पटावर. मी तरी दुसरं काय करू?"

प्रेमिला, मी चाळीस वर्षं खोटं बोलल्याबद्दल लेकरायले मारलं आहे. तुलेही मारलं आहे. आता मी तुले कसं सांगू, की पोरींकडून खोटं लिहून घे? अन् कसं सांगू, की घेऊ नको? तुझी नोकरी जाईल. आईचं सगळं तुझ्यावरच आहे. पोरींची चौथी जाईल. मैनाचं अक्षर मी साहेबांच्या टेबलावर पाहिलं. असं अक्षर माझ्या उभ्या नोकरीत दोघा-तिघांचंच होतं.

मले विचारू नको. मले सांगता येत नाही. एवढं वय झालं, पण येत नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आठ दिवसांत लिहून द्या म्हणाले आहेत.

चंपतराव

नागपूर,
८ डिसेंबर १९७४

आदरणीय गुरुजी,
सविनय जयभीम.

तुम्ही सांगितलं नाहीत, ते बरंच केलंत. सांगितलं असतंत तर मी तुमच्या नावावर खपवलं असतं.

सुट्टीभर मी ठरवत होते की पोरींना काही विचारायचं नाही. मीच राजीनामा लिहायचा. लिहिलाही होता. पण मग लक्षात आलं, माझ्या राजीनाम्यानं नावं परत येत नाहीत. हजेरीपट खोटा तो खोटाच राहतो. म्हणजे मी सुटेन आणि पोरी अडकतील.

शाळा उघडली त्या शनिवारी आठही जणींना बोलावलं. शेवटचा तास होता. ताराचंदजींनी तेवढं फाटक उघडू दिलं. मी सगळ्या वर्गाला सांगितलं, साहेब असं म्हणतात. तुम्ही ठरवा. गुरुजी, 'तुम्ही ठरवा' म्हणताना मला माझीच लाज वाटली. ठरवायला उरलं काय होतं?

वच्छला म्हणाली, "पण बाई, ते तर खरं हाये ना?" मी म्हटलं, हो. बाबूलाल म्हणाला, "मंग खोटं काहून लिहाचं?" मी म्हटलं, मला नाही माहीत. भुट्ट्याच्या वेळी माहीत नाही म्हणाले होते, तेव्हा सगळे हसले होते. या वेळी कोणी हसलं नाही.

मैनानं एवढंच विचारलं, "आमी लिहिलं तर तुमची नोकरी राहीन ना?" मी पोरांना नोकरीचं काही सांगितलं नव्हतं. कुठून कळलं कोण जाणे. तिनं माझ्या गप्प बसण्यातलं उत्तर वाचलं आणि कागद मागितला. सुरुवात कशी करायची हे तिला विचारावं लागलं नाही. 'महोदय' लिहिलं, समास सोडला. "आम्ही कांड्या भरत नाही. आम्ही रोज सातला येतो." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुमी चांगल्या आहात ते राहू देऊ का?" मी मान हलवली, नको. आठ सह्या झाल्या.

साहेबांनी शब्द पाळला. चौकशी बंद झाली. नावं परत चढली. ताराचंदजींनी तो कागद प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर वाचला आणि आठ जणींना खोटा अर्ज केल्याबद्दल अर्धा तास उभं केलं. मी शेजारी उभी होते. मी एक शब्द बोलले नाही, गुरुजी. बोलले असते तर सगळं पुन्हा उलटलं असतं.

संध्याकाळी नत्थू दारात आला. टोपी हातात. "बाई, पोरगी तर सकाळी माह्याच बाजूला बसून राह्यते. मंग कांड्या भरत नाही म्हणून काहून लिहिलं तिनं? लोक मले म्हणून राहिले, तुही पोरगी खोटारडी हाये." मी त्याला चहा दिला. चहा पिऊन झाला तरी तो बसून होता. त्याला वाटलं, मी काहीतरी सांगेन. मग उठून गेला.

आणि आता पुढचं ऐका. नावं पटावर आहेत, पण पाळी तीच आहे आणि फाटकाला साडेसातला कुलूप आहे. पूर्वी साडेदहाला तरी यायच्या, आता तेही गेलं. मैना आणि बाकी सात जणी दोन आठवडे वर्गात नाहीत. मी ठरवलं होतं, आता खरीच हजेरी मांडायची. मग पंधराव्या दिवशी नावं जातील तर जातील. याहून जास्त माझ्यात बळ नाही. बारा दिवस त्यांच्यापुढे गैरहजरच मांडलं.

काल सकाळी हजेरी घेत होते. ताराचंदजी व्हरांड्यात उभे होते. मी नाव घेतलं, "मैना नत्थू निखारे." तिची जागा रिकामी. मी पेन टेकवला आणि सगळा वर्ग एका आवाजात ओरडला, "हजर, बाई!"

तेहेतीस पोरं. सगळ्यांत मोठा आवाज बाबूलालचा. मी मान वर केली तर एकही डोळा खाली गेला नाही. ताराचंदजी बाहेरून बघत होते, मग ऑफिसकडे वळले.

मी त्यांना विचारलं नव्हतं, गुरुजी. त्यांनीच ठरवलं. मी हजर मांडलं आणि पुढचं नाव घेतलं.

तुमची,
प्रेमिला